बकरीचं घड्याळ, कोंबडीचं घड्याळ

माझं लग्न दोन घड्याळांनी मोडायला आणलं होतं. वेळ बघायला मात्र त्यांतलं एकही कधी कुणाच्या कामी आलं नाही. हे सांगितलं की माणसं हसतात. हसा बापडे. आता मीही हसते. पण त्या दिवशी मुंडावळ्या बांधून, हातात हार घेऊन, दंडाला मुंग्या येईस्तोवर पाटावर मी उभी होते, तुम्ही नव्हता.

आमचं घर परंड्यात, किल्ल्याच्या अंगाला. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. जमीन काळी आणि बऱ्यापैकी, बैल चांगले, खाऊनपिऊन सुखी घर. मी लहान असताना निजामाचं राज्य गेलं. मग नाणं बदललं, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली, आम्ही आधी मुंबई राज्यात गेलो आणि नंतर महाराष्ट्रात. एवढ्या सगळ्या उलथापालथीत आमच्या घरात बदल एकच झाला. आबांच्या मनगटावर घड्याळ आलं.

ते आलं घडीसाज चाचांकडून. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडं घडीसाज म्हणत. स्टँडच्या वाटेवर त्यांचं टपरीएवढं दुकान होतं. वर्षातून दोनदा ते हैदराबादला जायचे आणि तिथल्या जहागीरदारांनी विकायला काढलेली स्विस घड्याळं रुमालात बांधून आणायचे. विकताना डोळे मिटून सांगायचे, "मालक, ये घडी एका नवाबसाबच्या हाताला होती. जागीर गयी, हवेली गयी, तरी घडी काढताना नवाबसाब असे रडले की काय सांगू! तुमच्यावानी कदरदान दिसला म्हणून बाहेर काढली." पुढं आमच्या ध्यानात आलं, की चाचांच्या दुकानातल्या प्रत्येक घड्याळामागं एक नवाब रडलेला असायचा.

आबांच्या घड्याळाच्या तबकडीवर शिंगं उगारलेलं हरीण होतं. स्वित्झर्लंडात त्या छापाचा फार मान, राजेलोकच वापरतात, असं चाचांनी सांगितलेलं. आबांनी ते पहिल्या दिवशी पारावर नेऊन दाखवलं. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं डोळ्याजवळ धरून नीट पाहिलं आणि म्हणाला, "बकरी हाय व्हय?" झालं! त्या दिवसापासून आख्ख्या परंड्यात ते बकरीचं घड्याळ. आबा शिंगं मोजून दाखवायचे, बारशिंगा हाय म्हणायचे, चिडायचे. काही उपयोग झाला नाही.

बकरी एकटी कशी राहणार? वर्षभरात दुसरं आलं, कारण पहिल्याला अधूनमधून इसावा पाहिजे. तिसरं आलं, कारण त्याची कड सोनेरी होती. चौथं आलं ते पहिल्याचा सख्खा भाऊ आहे म्हणून. दोघं एकाच कारखान्यात एकाच आठवड्यात जन्मले असं चाचा म्हणाले, आणि भावाभावांची ताटातूट आबांना बघवेना. गावाच्या लेखी सगळ्या बकऱ्याच. हातात एकच असायचं. बाकीची मलमलीत गुंडाळून जोंधळ्याच्या कणगीत, कारण दाण्यात दमट हवा लागत नाही. भाकरीला जोंधळा काढायला हात घातला की बोटाला कधी एखादं टिकटिकत लागायचं. एकदा एक पोत्यातून थेट गिरणीत गेलं. गिरणीवाला पट्टा सोडून धावत आला तेव्हा आबांचं तोंड असं झालं होतं, की आई घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

सकाळी अंघोळ झाली की आबा आधी घड्याळांना किल्ली द्यायचे, मग देवाला दिवा. आई चुलीपुढून ओरडायची, "द्या द्या किल्ली! न्हायतर दिवस उगवायचा न्हाय तुमच्याबिगर!"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हायच कळत. आवो, बैल कवा सोडायचे ते बैल सांगत्यात, जेवायचं कवा ते पोट सांगतंय. ही बकरी काय सांगती?"

आबा मनगट कानाला लावून घराबाहेर पडायचे. खरं सांगायचं तर बकरी काही सांगतच नव्हती. कुर्डुवाडीची बस आठाची. आबा स्टँडवर जाऊन मनगट वर धरून उभे राहायचे. बस नवाला यायची, दहाला यायची, कधी यायचीच नाही. आबांना कुठं जायचं नसायचंच. बस चुकीची आली याचा त्यांना केवढा आनंद! चार माणसांत ड्रायव्हरला म्हणायचे, "आठ वाजून गेले की वो!" तेवढ्यासाठी रोज सकाळी स्टँड गाठायचे. माणूस घड्याळ का घेतो यावर मी पुष्कळ डोकं चालवलंय. वेळ कळावी म्हणून घेतो, हे साफ खोटं. दुसऱ्याला वेळ कळत नाही, हे त्याला दाखवता यावं म्हणून घेतो.

आबांचं दुःख एकच होतं. परंड्यात ह्या विषयावर त्यांच्याशी भांडणारं कुणी नव्हतं. ज्याला बकरी आणि हरीण कळत नाही, त्याच्याशी काय भांडणार?

अशात मला जळकोटचं स्थळ आलं. जळकोट पार तिकडं तुळजापूरच्याही पलीकडं, हैदराबादच्या मोठ्या सडकेवर. मुलगा शेतकी खात्यात नोकरीला, बापाची जमीन मोठी. मी सातवी फायनल झालेली. मला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं होतं, आणि हे मी आईशिवाय कुणाला बोलले नव्हते. बोलून काय करता? मामाच्या डोक्यात बार्शीकडचा एक बिजवर होता. वावर मोठं, मिशा मोठ्या, पहिल्या बायकोची तीन पोरं. मामा दर सणाला यायचा आणि त्याच्या विहिरींचं वर्णन करून जायचा.

जळकोटचे पाव्हणे मला बघायला आले. मुरमुऱ्याचा सुशला झाला, चहा झाला. मी पाटावर खाली मान घालून बसले. कुणी काही विचारेना. माझ्या मनात आलं, एवढी का मी वाईट दिसते? हळूच डोळा वर केला, तर माझे होणारे सासरे माझ्याकडं बघतच नव्हते. ते आबांच्या मनगटाकडं बघत होते. आबा त्यांच्या.

"कोंचं हाय?" आबांनी विचारलं.

सासऱ्यांनी बाही वर केली. तबकडीवर पंख पसरलेला पक्षी. "गरुड," ते म्हणाले. "हैदराबादच्या नवाबाच्या हातचं. काढताना रडला बिचारा."

आबांनी घड्याळ डोळ्याजवळ नेलं, दूर नेलं, पुन्हा जवळ आणलं. मग फार गोड आवाजात म्हणाले, "कोंबडी म्हणा की."

फिरलं ना पाणी सगळ्यावर! पुढचा तासभर मी त्या पाटावर होते आणि बैठकीत बकरी आणि कोंबडी. बकरीचा पट्टा, कोंबडीची काच. बकरीचे आकडे अंधारात चमकतात. कोंबडीला तारीख आहे. ती तारीख एकतिसाला अडकते, असं आबा न बघता म्हणाले आणि ते खरं निघालं. त्यावर सासरे म्हणाले, तुमची बकरी मागं चालते, शेळ्या मागंच चालतात. आणि शेवटी दोघंही एकदमच म्हणाले, "आमचं पाण्यातबी चालतंय!"

ह्या गोंधळात त्या मुलानं माझ्याकडं बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "पुढं शिकायचंय का?"

मी मान हलवली.

"मग ट्रेनिंगला जावा. माझी काही ना न्हाय."

एवढंच. पण मला तिथंच रडू फुटायचं राहिलं. ह्याच माणसाशी माझं लग्न व्हायला पाहिजे, नाहीतर मी बार्शीच्या विहिरींत जीव देईन, असं मी त्या पाटावरच ठरवून टाकलं.

पाव्हणे गेल्यावर आबा ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागले. मला वाटलं, संपलं. "कोंबडीवाल्याच्या घरात पोर द्यायची?" असं ते स्वतःशीच म्हणत होते. मी चाचांकडं गेले आणि सगळं सांगितलं. चाचा म्हणाले, "तू घर को जा बेटी. दोन्ही घड्या मीच विकल्यात." मग त्यांनी आबांना एकांतात सांगितलं, की त्यांचं घड्याळ दिसायला बरं, पण चालायला तुमचंच. आणि जळकोटला जाऊन सासऱ्यांना एकांतात अगदी तेच सांगितलं. दोघंही खूश झाले. पण माझा आपला वेगळा अंदाज आहे. चाचा नसते गेले तरी लग्न ठरलं असतं. आबांना सगळ्या जिल्ह्यात भांडायला मिळालेला तो पहिला माणूस होता. असा माणूस हातचा कोण घालवेल?

लग्न आमच्या दारात धरलं. मुहूर्त गोरज, संध्याकाळी सातचा. जेठाचे शेवटचे दिवस, हंगामातला शेवटचा मुहूर्त. तो टळला की चातुर्मास, मग तुळशीच्या लग्नापर्यंत काही नाही. आणि तोवर मामा गप्प बसणार होता थोडाच!

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या देवळात जातो. मुलीकडचा पोशाख तिथं चढवायचा, आणि तिथंच तो रुसतो. रुसायचंच असतं. सायकल मागतो, रेडिओ मागतो, घड्याळ मागतो. मागितलं की मुलीच्या बापानं द्यायचं आणि मग त्यानं घोड्यावर बसायचं. आबांनी त्यासाठी कणगीतली सोनेरी कडेची बकरी काढून, पुसून, तयार ठेवली होती. देवळात जाऊन बघतात तर नवरदेवाच्या डाव्या हातात आधीच कोंबडी! बापानं आपल्याजवळची दुसरी निघतानाच बांधून पाठवलेली.

"काढा ते," आबा म्हणाले.

"बापानं दिलेलं काढत नसत्यात," सासरे म्हणाले.

"मग मी काय देऊ? रुसायचं हाय ना तुमच्या पोराला?"

"रुसंल की. सायकल द्या."

"सायकल मागू दे, बैलगाडी मागू दे, न्हाय द्यायचो! मी घड्याळच देणार!"

नवरदेव रुसायचा सोडून मुलीचा बापच रुसून बसला. असं लग्न तुम्ही कुठं पाहिलंय का? वाजंत्रीवाले दमले, घोडं दमलं. शेवटी नवरदेवानंच उजवा हात पुढं केला. "आबा, बांधा हिकडं," म्हणाले. दोन्ही हातांत घड्याळं घालून हे घोड्यावर चढले आणि मांडवात आले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीनं तर मला येऊन सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला दुप्पट वेळ कळतोय बाय."

आता मुहूर्ताचं ऐका. जोशीबुवा जुन्या पद्धतीचे. ते घटिकापात्र घालायचे. घंगाळात पाणी भरायचं आणि त्यात बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. भोकातून पाणी वर येतं, वाटी भरली की बुडते, की झाली एक घटका. अशा घटका मोजत मोजत मुहूर्त गाठायचा. शेवटची वाटी बुडाली की जोशीबुवा "सावधान" म्हणणार आणि वाजंत्री वाजणार, असा दंडक. घंगाळ बोहल्याशेजारीच होतं. त्यातल्या वाटीला येणारीजाणारी प्रत्येक सवाष्ण हळदकुंकू वाहत होती.

आम्हाला पाटावर उभं केलं. मधे अंतरपाट धरला. माझ्या हातात हार, मागं मामा. मंगलाष्टकं सुरू झाली, संपली, बुवांनी पुन्हा सुरू केली, पुन्हा संपली. वाटी काही बुडेना. मला बाजूनं ती दिसत होती. भोक कुंकवानं बुजलं असणार. वाटी आपली मजेत तरंगत होती. जोशीबुवा वयस्कर, दिवसभराचे उपाशी, ते घंगाळाशेजारी बसल्या बसल्या पेंगायला लागले.

तेव्हा आबा खाकरले आणि मनगट बघून म्हणाले, "अजून वेळ हाय मुहूर्ताला."

"वेळ?" सासरे म्हणाले. "मुहूर्त जाऊन बसला की मघाच!"

आबांच्या बकरीत सात वाजायचे होते. सासऱ्यांच्या कोंबडीत सात वाजून गेले होते. वऱ्हाडी दोन बाजूंना वाटले गेले. आबा म्हणे, आत्ता लावलं तर मुहूर्ताच्या आधी, अपशकुन. सासरे म्हणे, आत्ता लावलं तर मुहूर्तानंतर, महाअपशकुन. कुणीतरी शहाणा म्हणाला, मग मधला वेळ धरा. दोघंही त्याच्या अंगावर धावून गेले. मधला वेळ कोणत्याच घड्याळात नव्हता. नवरदेवाचे दोन हात बघावेत, तर तिथंही तीच भांडणं, उजवं एक सांगतंय, डावं दुसरंच. चाचांना पुढं ओढलं. ते दोन्ही घड्याळं कानाला लावून म्हणाले, "वा! क्या आवाज है दोनो का!" आणि गर्दीत मागं मागं सरकत दिसेनासे झाले.

आणि गंमत बघा. त्याच वेळी रानातली गुरं परत आली. मांडव त्यांच्या वाटेतच घातलेला. गाया, वासरं, म्हशी घंटा वाजवत मांडवाच्या कडेनं घुसल्या, एकीनं आंब्याचं तोरण खाल्लं. धुरळा इतका उठला, की आमच्या मुंडावळ्यांचा रंग ओळखू येईना. गोरज मुहूर्त म्हणतात तो आणखी कसा असतो? आई धुरळ्यातून खोकत ओरडली, "आवो, गाया आल्या की वं! आता कसला मुहूर्त बघताय?"

दोघं इवाई धुरळ्यात मनगट डोळ्याला लावून उभे. आबा धोतराच्या सोग्यानं काच पुसत म्हणाले, "गाया लवकर आल्यात."

सासरे म्हणाले, "उशिरा आल्यात."

मग सासऱ्यांनी फेटा सारखा केला आणि मोठ्यानं जाहीर केलं, "मुहूर्त टळला. टळलेल्या मुहूर्तावर आमी सून नेत न्हाय. गाड्या जुपा!"

गाडीवाले खरंच उठले हो! मामा माझ्या कानाशी वाकला. "घाबरू नगंस पोरी," म्हणाला, "बार्शीचं अजून तसंच हाय." मला असा राग आला, असा राग आला, की हातातला हार त्याच्याच गळ्यात आवळावा. अंतरपाटाखालून मला ह्यांचे पाय दिसत होते. ते हलले नव्हते. पण बापापुढं बोलायची तेव्हा पोरांत धमक कुठं! आबांकडं बघितलं. आबांच्या कपाळाला घाम. त्यांनाही लग्न मोडायला नको होतं, स्पष्ट दिसत होतं. फक्त 'माझं घड्याळ मागं असंल' एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. जीव गेला असता तरी निघालं नसतं. मी बाप ओळखून होते.

बाप ओळखून होते म्हणूनच मला सुचलं. नवरीनं पाटावर तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं. चांगलं खणखणीत.

"आबा, तुमचं घड्याळ पाण्यात चालतंय ना? का मामंजींचंच चालतंय?"

आईनं कपाळावर हात मारला.

मामंजी म्हणजे सासरे. ते गाडीकडं निघालेले, जागीच वळले. "माझं? माझं विहिरीत चालतंय!"

"माझं समिंदरात चालतंय!" आबा ओरडले.

"कुठला वो समिंदर परंड्यात?"

"समिंदर नसंल. पानी तर हाय!"

आणि जवळात जवळ पाणी कुठलं? घंगाळाचं! दोघं पन्नाशी ओलांडलेले, मिशा पांढऱ्या झालेले जमीनदार बाह्या सरसावून एकदम पुढं आले आणि दोघांनी कोपरापर्यंत हात धाड्दिशी घंगाळात घातले. पाणी उसळलं. वाटी हिंदकळली, एका अंगाला कलली, आणि बुडुक करून तळाला गेली.

अंगावर पाणी उडून जोशीबुवा दचकून जागे झाले. घंगाळात बघितलं. वाटी बुडालेली! बुवांना दुसरं काही बघायचंच नव्हतं. "घटिका भरली! सावधान!" ते जे ओरडले ते किल्ल्यापर्यंत गेलं असेल. वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. समोर ते उभे, दोन हातांत दोन घड्याळं, आणि हसू दाबून दाबून लाल झालेले. आधी मी हार घातला, मग त्यांनी. शास्त्रानं, पंचांगानं, वाजतगाजत लग्न लागलं. कुणाची काही हरकत निघाली नाही, कारण हरकत घेणारे दोघंही घंगाळाशी वाकलेले होते. हात आधी कोण काढणार? जो काढेल त्याचं घड्याळ हरलं. आमचं लग्न लागलं, पेढे वाटले, तरी दोघं तसेच वाकून एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते. त्यांच्या पाठीवरून अक्षता पाण्यात पडत होत्या.

आबांनी माझ्या गळ्यात हार पडताना बघितलाच नाही. रात्री पाठवणीच्या आधी माझ्याजवळ बसून हळू आवाजात विचारत होते, "आधी कुनी घातला गं हार?"

"मी, आबा."

"बरं केलंस," म्हणाले आणि पंच्यानं डोळे पुसले.

घड्याळांचं काय झालं असेल, ते मी सांगायला पाहिजे का? दोन्हींच्या पोटात पाणी गेलं. दोन्ही बंद पडली. आबांची बकरी सातच्या थोडी अलीकडं थांबली, मामंजींची कोंबडी सातच्या थोडी पलीकडं. चाचा हातापाया पडून सांगत होते, "लाओ मालक, उघडून सुकवतो, गंज चढंल." दोघांनीही दिलं नाही. दुरुस्तीला देणं म्हणजे बंद पडलं हे कबूल करणं. दोघांचंही म्हणणं एकच, घड्याळ बंद पडलेलं नाही, ते लग्नाची खरी वेळ धरून थांबलंय. आणि बंद घड्याळं दोघंही पुढं रोज हातात घालत राहिले. आबा रोज सकाळी किल्ली द्यायला बसायचे. किल्ली फिरायची नाही. तरी बसायचे.

नवरदेवाच्या दोन घड्याळांचं ह्यांनी घरी गेल्या गेल्या सोपं केलं. उजव्या हातातलं काढून माझ्या हातात बांधलं. मी ट्रेनिंग कॉलेजात गेले ती मनगटावर पुरुषी बकरी घालूनच. आणि ती मागं चालायची, हे मी आबांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

दर दिवाळीला आबा जळकोटला यायचे. बैठकीवर टेकायच्या आधी दोघांची मनगटं वर व्हायची. मामंजी म्हणायचे, "बघा इवाई, सात वाजून गेल्यात. लगीन लागून गेलंय. आमची सून हाय ती, आमच्या घरची."

आबा आपली काच पुढं करायचे. "माझ्यात बघा. अजून वाजायचेत. अजून मुहूर्त आला न्हाय. ती तुमची सून झालेलीच न्हाय अजून. माझीच पोर हाय."

सगळं घर हसायचं. मी चहा घेऊन यायची तेव्हा तर आबा मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "ये गं पोरी, बस बापाजवळ. अजून वेळ हाय तुला." आणि सासऱ्यांसमोर सुनेनं बसायचं नसतं, तरी मी बसायची. घड्याळात तसं होतं ना! मामंजी मिशीत पुटपुटायचे, पण उठवायचे नाहीत.

आबा गेले ते कडक उन्हाळ्यात. खळ्यावर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि गेले. तार आली तेव्हा मी शाळेत शिकवत होते. घरी आले, डोक्यावर पदर घेतला, आणि मला रडूच येईना. घरभर माणसं, जावा, चुलतसासवा. सुनेनं सासरी कसं रडायचं, किती रडायचं, ह्याच्यासुद्धा रीती असतात. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून नुसती बसले होते. परंड्याची गाडी यायला अवकाश होता.

मामंजी आत आले. बायकांच्या खोलीत ते कधी येत नसत. माझ्यासमोर खाली मांडी घालून बसले. मनगटावरची कोंबडी काढली, डोळ्याजवळ धरली, आणि कडेची किल्ली नखानं ओढायला लागले. गंजून बसली होती. नखानं येईना म्हणून दातात धरली. ओठाला रक्त आलं, तरी सोडली नाही. शेवटी ती कटकन सुटली. त्यांनी काटे मागं फिरवले. सातच्या मागं. आबांच्या होते तिथवर.

मग ते घड्याळ माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "बघ, अजून वाजायचेत. तू अजून आमच्या घरची झाली न्हायस. त्याचीच पोर हायस. रड बाळ."